विषयाची निवड : एक हक्क आणि एक जबाबदारी

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर पालकांची वर्दळ सुरू होते. कुणी पेणच्या खारपट्ट्यातून आलेले असते, कुणी रोह्याच्या डोंगराकडील वाडीवरून, तर कुणी मुंबईहून रात्रीच्या गाडीने. हातात गुणपत्रिका, शेजारी मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी, आणि ओठांवर वर्षानुवर्षे तोच प्रश्न : ''सर, याला कुठली साइड द्यावी? सोपं काय आहे?''

तीस वर्षांच्या अध्यापनात हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. त्याचे उत्तर देताना काही वेळा चुकलोही. विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून एखाद्या मोठ्या विषयावर लिहावे असे प्रथम वाटले होते. परंतु विचार करता लक्षात आले की, हायस्कुलात आणि अकरावीत विषय निवडणे ही किरकोळ वाटणारी बाबच आपल्या समाजाच्या इतिहासाशी फार खोलवर जोडलेली आहे. म्हणून तीच मांडणार आहे. आधी थोडा इतिहास सांगतो, मग आजच्या वाटांविषयी बोलू.

ज्याला निवडच नव्हती असा विद्यार्थी

विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर हायस्कुलात शिकत होते. त्या काळी दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा पर्शियन घेता येई. सुभेदार रामजींच्या घरात संतवाङ्मयाचे पठण होते, रामायण-महाभारताचे वाचन होते. त्यामुळे मुलांनी संस्कृत शिकावे अशी घरची स्वाभाविक इच्छा होती. पण संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्य विद्यार्थ्याला ती भाषा शिकविण्यास नकार दिला. थोरल्या भावाच्या वाट्याला जे आले तेच धाकट्याच्याही वाट्याला आले. नाइलाजाने त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते पर्शियन घेऊन, आणि पुढे बी. ए.पर्यंत ही भाषा त्यांच्या सोबत राहिली.

या प्रसंगाची आपण पुष्कळदा आठवण काढतो, पण तो फक्त अपमानाचा प्रसंग म्हणून. त्याची दुसरी बाजू शिक्षकाला अधिक अस्वस्थ करते. हायस्कुलात बंद झालेले एक दार माणसाच्या मागे किती वर्षे चालत येते? १९४६ साली बाबासाहेबांचा 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांना, संस्कृतवर प्रभुत्व नसताना या विषयाला हात घालण्याचा तुम्हाला काय अधिकार, या संभाव्य आक्षेपाला उत्तर द्यावे लागले. आपल्या संस्कृतच्या ज्ञानातील उणीव त्यांनी प्रांजळपणे मान्य केली, आणि तेवढ्यामुळे आपण या विषयावर लिहिण्यास अपात्र ठरत नाही, असेही ठामपणे सांगितले. तोपर्यंत त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केलेला होता. तरीही मॅट्रिकनंतर ३९ वर्षांनी, जगातील नामवंत विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या विद्वानाला, शाळेत न मिळालेल्या एका विषयाचा हिशेब द्यावा लागला.

मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते; म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. आज एवढे गुण घेऊन आलेल्या मुलाला आपण काय सांगू, हा प्रश्न प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने स्वतःला विचारावा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी तो मुलगा गुणपत्रिकेवरून मापला नाही. त्याच्या वाचनाचा ध्यास त्यांनी पाहिला होता. स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकून त्याच्या महाविद्यालयीन शिक्षणाची सोय लावली.

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचलेल्या भीमरावांना पहिल्यांदा मोकळी निवड मिळाली. तिचा उपयोग त्यांनी कसा केला, हे तेथील नोंदींवरून दिसते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी घेतले. एक विषय मुख्य धरला आणि त्याच्या भोवती इतर विषयांचे कुंपण घातले. पुढे 'रुपयाचा प्रश्न' लिहिणारा अर्थतज्ज्ञ, जातिसंस्थेची उकल करणारा समाजशास्त्रज्ञ आणि राज्यघटनेचा शिल्पकार यांची बीजे या निवडीत दिसतात. ज्याला शाळेत एक विषय नाकारला गेला, त्याने संधी मिळताच ज्ञानाच्या इतक्या शाखांना हात घातला.

रोह्याचे एक उदाहरण

आता आपल्याच परिसरातील दुसरे नाव घेतो. डॉ. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख हे रोह्याच्या घराण्यातले. १८९६ साली महाडजवळील नाते येथे त्यांचा जन्म झाला. बाबासाहेबांनंतर पाच वर्षांनी, म्हणजे १९१२ साली, त्याच मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली.

एकाच विद्यापीठाची परीक्षा, अंतर अवघ्या पाच वर्षांचे. एका विद्यार्थ्याला संस्कृतच्या वर्गाचे दार बंद, दुसऱ्याला त्याच विषयातील सर्वोच्च शिष्यवृत्ती. यात देशमुखांचा काही दोष नाही; त्यांची बुद्धिमत्ता आणि त्यांचे कष्ट अस्सलच होते. पण 'गुणवत्ता' हा शब्द आपण वापरतो तेव्हा दार कोणासाठी उघडे होते, हेही पाहिले पाहिजे. हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा आहे.

देशमुखांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. संस्कृतमध्ये चमकलेल्या या विद्यार्थ्याने केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवी मिळविली. १९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. या सर्व धामधुमीत संस्कृत सुटले नाही. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले. शाळेतला आवडता विषय, पदवीचा विषय आणि आयुष्यभराचे काम या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असूनही एकमेकींना पूरक ठरू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात मिळणार नाही.

१९५० आणि १९५१ या काळात हे दोघेही नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. एक कायदामंत्री, दुसरे अर्थमंत्री. संस्कृत मिळालेला आणि संस्कृत नाकारला गेलेला, असे दोन मॅट्रिकचे विद्यार्थी देशाच्या कारभाराच्या एकाच टेबलाभोवती बसले. तिथवर पोहोचण्यासाठी एकाला किती जादा अंतर चालावे लागले, ते मात्र आपण विसरू नये.

कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी

आज कोणताही शिक्षक उघडपणे असा नकार देऊ शकत नाही. विषययादी सर्वांना सारखीच खुली आहे. मग प्रश्न संपला का?

आपला रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा, हा चवदार तळ्याचा जिल्हा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्यातील पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नव्हते. ठरावाने तळे कागदावर खुले झाले; ते खऱ्या अर्थाने खुले झाले ते माणसे काठावर जाऊन पाण्यात वाकली तेव्हा.

विषयांच्या निवडीचे आज तसेच आहे. यादी खुली आहे, पण आपली मुले तिच्यातले अर्धे विषय पाहतच नाहीत. कधी माहिती नसते, कधी भीती असते, कधी जवळच्या महाविद्यालयात तो विषयच शिकविला जात नाही, आणि कधी एखादा हितचिंतक मायेने सांगतो, ''बाळा, तुला ते झेपणार नाही.'' पूर्वीचा नकार तुसडा होता, म्हणून तो ओळखू येत होता. हा नकार गोड असतो, म्हणून ओळखू येत नाही.

हे मी दुसऱ्यावर बोट ठेवून सांगत नाही. काही वर्षे नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेण्याची मुभा होती. पुढे ती बंद झाली. त्या काळी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. माझ्या वर्गात डोंगराकडच्या वाडीवरची एक मुलगी होती. बीजगणिताच्या तासाला ती गप्प बसे. मी तिला म्हणालो, ''सामान्य गणित घे, सहज निघून जाशील.'' तिचे वडील मान डोलावून निघून गेले. गुरुजी सांगतात म्हणजे बरोबरच असणार. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि शाळेचा निकालही सजला. अकरावीला ती विज्ञान शाखेसाठी गेली, तेव्हा तिला कळले की त्या गणितावर पुढचे गणित घेता येत नाही. काही वर्षांनी ती भेटली. नोकरी करीत होती, संसार नेटका होता, बोलण्यात कडवटपणा नव्हता. एवढेच म्हणाली, ''सर, तेव्हा तुम्ही मला सांगितलं असतं की यानं पुढचं काय बंद होतं, तर मी एक वर्ष जास्त मेहनत केली असती.''

मी तिला सोपी वाट दाखविली होती. ती वाट पुढे कुठे संपते, हे सांगितले नव्हते. तेव्हापासून 'सोपं काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर देणे मी सोडून दिले आहे.

कोणता विषय कोणते दार उघडतो

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिली निवड नववीत, भाषेची असते. राज्य मंडळाच्या रचनेत हिंदी पूर्ण घेता येते, किंवा हिंदी व संस्कृत असा निम्म्या-निम्म्या गुणांचा संयुक्त अभ्यासक्रम घेता येतो. मंडळाच्या विषययादीत पालीही आहे. 'आपल्याला संस्कृत कशाला?' असे काही पालक विचारतात. त्यांच्या भावना मी समजू शकतो. परंतु जी भाषा बाबासाहेबांना नाकारली गेली आणि जी त्यांनी पुढे स्वतः शिकून घेतली, ती आपल्या मुलीला शिकता येत असेल तर तिने ती अवश्य शिकावी. ग्रंथ मुळातून वाचता आला, तर त्याचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत नाही.

पालीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. तथागतांचा उपदेश ज्या भाषेत जतन झाला ती ही भाषा. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. त्याच वेळी हेही ठाऊक असावे की, संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ऐच्छिक विषयांच्या यादीतून पाली २०१३ साली वगळली गेली. तात्पर्य, पाली घ्यावी ती गोडीने आणि अभ्यासाच्या ओढीने. केवळ गुणांच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या आशेने घेतलेला विषय मध्येच हात सोडतो, मग तो कोणताही असो.

दुसरी आणि मोठी निवड अकरावीची. येथे एक सूत्र लक्षात ठेवावे. शाखेचे नाव ऐकून निर्णय घेऊ नये. त्या शाखेत कोणते विषय घेतले जाणार, ते पाहावे. दार शाखेने उघडत नाही, विषयाने उघडते.

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही घेता येतात. अभियांत्रिकीच्या पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. वैद्यकीय शिक्षणाला आणि परिचर्येच्या पदवीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. औषधनिर्माणशास्त्राला भौतिक व रसायन यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. डॉक्टर व्हायचे की अभियंता हे अजून ठरले नसेल आणि मुलाची तयारी असेल, तर दोन्ही विषय ठेवणे शहाणपणाचे. नंतर एक दार आपल्या इच्छेने लावता येते.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन हे विषय असतात. अनेक ठिकाणी चिटणिसाची कार्यपद्धती आणि गणित यांपैकी एक निवडायचे असते आणि बहुतेक मुले गणिताला बगल देतात. सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेत गणित व संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका असते, हे त्यांना दोन वर्षांनी कळते.

कला शाखेविषयी आपल्याकडे विनाकारण न्यूनगंड आहे. 'काहीच जमलं नाही म्हणून आर्ट्स' हे वाक्य मी इतिहासाचा शिक्षक म्हणून फार ऐकले. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, तर्कशास्त्र. ज्या विषयांच्या बळावर बाबासाहेबांनी घटना समितीत युक्तिवाद केले तेच हे विषय. बारावीनंतरची पाच वर्षांची कायद्याची पदवी कोणत्याही शाखेतून करता येते. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. अट एवढीच, की कला शाखा घ्यायची तर ग्रंथालयाशी मैत्री करावी लागते. मार्गदर्शिका पाठ करून कला शाखेत उत्तीर्ण होता येते, पण काही होता येत नाही.

पेणच्या परिसरात गणेशमूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. तेथील मुलांच्या बोटांत उपजत कला असते आणि ती घरात 'धंद्याचे काम' म्हणून पाहिली जाते. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा अशा मुलांनी अवश्य द्याव्यात. दृश्यकलेच्या पदवीसाठी बारावीनंतर प्रवेश परीक्षा असते, आणि १८५७ साली स्थापन झालेले मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर आहे.

तांत्रिक शिक्षणाची वाटही कमी लेखू नये. वरसे गावाच्या शेजारीच धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथील बहुतेक कारखाने रसायनांचे आहेत. आपले कितीतरी बांधव तेथे मदतनीस म्हणून काम करतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक प्रकल्पाच्या ऑपरेटरचा अभ्यासक्रम असतो. त्याला दहावीत विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण होणे आवश्यक असते. एकाच फाटकातून आत जाणारे दोघे, एक पोती उचलतो आणि दुसरा यंत्राचे तापमान व दाब सांभाळतो. दोघांच्या कष्टाला मान आहेच. पण पगार, सुरक्षितता आणि पुढची बढती यांतील फरक दहावीच्या दोन विषयांपासून सुरू होतो. आणि आपल्याच जिल्ह्यात, माणगावजवळ लोणेरे येथे, बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठाच्या कमानीवरचे नाव पाहून आपला ऊर भरून येतो. आत जायचे तर मात्र बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत कोणते विषय शिकवावेत, याचा तपशीलवार विचार केला होता. मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचाही त्यांनी आग्रह धरला. हाताचे काम आणि डोक्याचे काम ही दरी त्यांना मान्य नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला, विज्ञान आणि व्यवसाय शिक्षण यांच्यात कडक भिंती नसाव्यात असे म्हटले आहे. ते प्रत्यक्षात किती उतरते ते पुढे दिसेल. विचार मात्र आपल्याला नवा नाही.

निर्णय घेताना

पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून काही प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला : हा विषय घेतल्याने कोणती दारे उघडी राहतात आणि कोणती बंद होतात? विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्याकडे वळता येते. उलट प्रवास जवळजवळ होत नाही. म्हणून खात्री नसेल तोवर गणिताला सोडचिठ्ठी देऊ नये.

दुसरा : विषय अवघड आहे, की तो नीट शिकवला गेलेला नाही? या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पाचवी-सहावीतील अपूर्णांक कच्चे राहिलेले मूल नववीत 'गणितात कच्चे' ठरते. दोन महिन्यांच्या उजळणीने सुटणाऱ्या प्रश्नासाठी आयुष्याची वाट बदलू नये.

तिसरा : ही आवड मुलाची आहे, की आपली? येथे दुसऱ्या टोकाची चूकही सांगितली पाहिजे. नातेवाइकांत मान राहावा म्हणून विज्ञान शाखेत ढकललेला एक मुलगा मी पाहिला आहे. बारावीत दोनदा अनुत्तीर्ण होऊन तो घरी बसला. तिसऱ्या वर्षी इतिहास-राज्यशास्त्राकडे वळला आणि तेथे रमला. त्याची गेलेली दोन वर्षे परत आली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे आपण 'ढ' आहोत हा ग्रह जायला फार वेळ लागला. दारे उघडी ठेवणे म्हणजे मुलाला एका दारातून लोटणे नव्हे.

चौथा : हा विषय शिकविणारे महाविद्यालय कुठे आहे, तेथे प्रयोगशाळा चालते का, शिक्षक आहेत का? मुलींच्या बाबतीत अनेकदा एस. टी. कुठवर जाते यावरून शाखा ठरते. अशा वेळी शाखा बदलण्याआधी वसतिगृहाची चौकशी करावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अकरावीपासून लागू होतात. पैशाअभावी विषय सोडला असे म्हणण्याआधी या दोन्हींचे अर्ज भरले गेले पाहिजेत. प्रवेशाचे आणि पात्रतेचे नियम अधूनमधून बदलतात. त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आणि शेवटचा : मुलाला कुणी विचारले का? कालाम जनांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः पारखून घ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पारख शिकविण्याची पहिली खरी संधी ही विषयनिवडीचीच असते. आपण त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकला, तर ती संधी हुकते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

ही स्मरणिका या विद्यालयातून बाहेर पडलेल्या अनेकांच्या हाती जाईल. तुमच्यापैकी कुणी बँकेत आहे, कुणी रुग्णालयात, कुणी न्यायालयात, कुणी कारखान्यात, कुणी स्वतःचे दुकान चालवीत आहे. विद्यालयाला तुमच्या देणगीची गरज आहेच. पण मी आणखी एक गोष्ट मागतो. वर्षातून एक रविवार वरशाला या. आठवी ते दहावीच्या मुलांसमोर अर्धा तास बसा आणि सांगा : मी हे विषय घेतले, अमुक कारणाने घेतले, त्याने हे मिळाले आणि हे हुकले. हुकलेले सांगायला संकोच करू नका. त्याचाच त्यांना अधिक उपयोग होईल. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी अकरावीची पायरी चढलेले नाही, त्या मुलांना सल्ला देणारा काका-मामा नसतो. तो काका, तो मामा, ती आत्या, ती मावशी तुम्ही व्हा.

केळुसकर गुरुजी त्या मुलाचे नात्याने कुणीही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला एक मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याची विचारपूस केली. आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावरही दर जूनमध्ये अशी मुले बसलेली असतात. त्यांची विचारपूस करणे आता आपल्याकडे आहे.

जयभीम!